एक ठसा, तीन गर्भ

बारावीच्या बायोलॉजीत मासा, कोंबडी आणि माणूस यांच्या गर्भांची रांग तुम्ही पाहिलीच असेल. सुरुवातीला सगळे सारखेच! ती रांग गाजवली अर्न्स्ट हेकेलने.

१८३४ मध्ये जर्मनीतल्या पोट्सडामला जन्म. शिकला डॉक्टरकी, पण जीव रमला समुद्रातल्या सूक्ष्मजीवांत. डार्विन वाचला आणि वाट सापडली. १८६४ मध्ये, नेमकी त्याच्या तिसाव्या वाढदिवशी, बायको आना गेली. त्याने स्वतःला कामात गाडून घेतलं. १८६६ च्या ग्रंथात त्याने मांडलं, की गर्भ वाढताना पूर्वजांचा सगळा प्रवास पुन्हा करतो. ‘इकॉलॉजी’ हा शब्दही त्याच ग्रंथातला.

मग घोळ झाला. १८६८ च्या पुस्तकात कुत्रा, कोंबडी, कासव यांच्या गर्भांची तीन चित्रं छापली, लाकडी ठसा मात्र एकच. चक्क कॉपी-पेस्ट! स्वित्झर्लंडच्या रुटीमायरने ते पकडलं. हेकेलने पुढे चित्र बदललं, पण डाग राहिला.

१८८१ च्या नोव्हेंबरात श्रीलंकेला जाताना तो आठवडाभर मुंबईत होता. घारापुरी बघितली, रेल्वेने लोणावळा गाठून कार्ल्याची लेणीही. म्हणजे कल्याणला आपली आसनगावची लाइन फुटते ना, तिथून तो दुसऱ्या फाट्याने गेला.

त्याची आणखी एक चूक जास्त महागात पडली. त्याने माणसांच्याही वंशांच्या पायऱ्या लावल्या आणि युरोपीय लोकांना सगळ्यात वर बसवलं. १९१९ मध्ये येना इथे तो वारला, वाद मात्र संपला नाही. १९९७ मध्ये रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी खऱ्या गर्भांचे फोटो मांडले. हेकेलने दाखवलं त्यापेक्षा त्यांच्यात खूप जास्त फरक निघाला.

मग उत्क्रांतीच खोटी? अजिबात नाही. आपला गर्भ कधीच मोठा मासा बनत नाही, हे फॉन बेअरने १८२८ मध्येच सांगितलं होतं. गर्भ सुरुवातीला सारखे असतात, पुढे वेगळे होत जातात. घशाजवळच्या ज्या कमानींपासून माशाचे कल्ले होतात, त्यांच्यापासूनच आपला जबडा आणि कानातली इवली हाडं बनतात. पाचव्या आठवड्यात आपल्यालाही शेपूट असते, आठव्यापर्यंत ती जाते.

तेव्हा ग्रुपवर ‘उत्क्रांती फेक आहे’ असा मेसेज आला, तर हेकेलला वाचवायला जाऊ नका. त्याची चूक सरळ मान्य करा आणि कानातल्या हाडांबद्दल विचारा.