इशी : शेवटचा याही धनुर्धर

इशीचे चरित्र लिहू म्हणणाऱ्यापुढे पहिली अडचण येते ती त्याच्या नावाची. ‘इशी’ हे त्याचे नाव नव्हेच. त्याच्या याही भाषेत या शब्दाचा अर्थ एवढाच की ‘माणूस’. स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडाने परक्याला सांगावयाचे नाही, ते आपल्या एखाद्या माणसाने सांगावयाचे, अशी त्या लोकांची रीत होती. १९११ साली तो जगासमोर आला तेव्हा त्याचे नाव सांगू शकेल असे एकही माणूस पृथ्वीच्या पाठीवर उरले नव्हते. वृत्तपत्रांना नाव हवे होते, म्हणून प्राध्यापक आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचे नाव घेण्यास संकोचत, पण त्यांना निदान उखाण्याची सोय होती. इशीला तीही नव्हती.

या माणसाकडे मी वळलो तो धनुष्याच्या वाटेने. उत्तर अमेरिकेच्या पर्वतांत बिगहॉर्न नावाची रानमेंढी राहते. नराची शिंगे जाड, मागे वळून गालापर्यंत वेटोळे घेणारी. नजर इतकी तीक्ष्ण की उघड्या कड्यावर माणसाची सावली हलली तरी कळप वर निघून जातो. शोशोनी लोकांतील तुकुदिका या शिंगांपासूनच धनुष्ये करीत. आजही काही हौशी शिकारी बंदूक घरी ठेवून, साधे लाकडी धनुष्य घेऊन, विरळ हवेत धापा टाकीत या मेंढ्यांच्या मागे चढतात. बंदूकवाल्याचे काम लांबून भागते. धनुष्यवाल्याला जवळ, अगदी जवळ जावे लागते. धनुष्याने केलेल्या अशा शिकारींच्या नोंदी ठेवणारी ‘पोप अँड यंग क्लब’ नावाची संस्था तेथे १९६१ साली स्थापन झाली. त्यातील पोप म्हणजे डॉक्टर सॅक्स्टन पोप आणि यंग म्हणजे त्यांचे शिकारसोबती आर्थर यंग. पोप यांना धनुर्विद्येची गोडी लावणारा गुरू म्हणजे इशी. अशी ही परंपरा. ती उलट्या दिशेने चालत गेलो, आणि शिकारीची गोष्ट वाचावयास बसलेला मी एका जमातीच्या अंताशी येऊन थांबलो.

उत्तर कॅलिफोर्नियात लासेन नावाचे ज्वालामुखी शिखर आहे. त्याच्या पायथ्याच्या डोंगरांतून मिल क्रीक आणि डिअर क्रीक हे दोन ओढे खोल घळी कापीत सॅक्रामेंटो नदीकडे उतरतात. याना लोकांच्या चार शाखांपैकी सर्वांत दक्षिणेची शाखा, याही, या घळींतून राहत असे. ओकची फळे दळून त्यांची लापशी करावी, ओढ्यातील सॅमन मासा भाल्याने मारावा, हरणाची शिकार करावी, असे त्यांचे जीवन. मुळातच ते थोडे, काही शेकड्यांच्या घरातले. १८४८ साली कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्याच वर्षापासून गोऱ्यांचा लोंढा आला. गुराढोरांनी चराऊ रान संपविले, खाणींनी ओढे गढूळ केले. उपाशी याही गुरे मारू लागले. त्यावर गोऱ्या वस्तीकऱ्यांनी टोळ्या करून माणसे मारली. १८६० नंतरच्या दहा-बारा वर्षांत एकामागून एक कत्तली झाल्या; बायका-मुलेही सुटली नाहीत. इशीचा जन्म साधारण १८६० च्या सुमाराचा समजतात. म्हणजे बालपणाची त्याची समज आली तीच या धुमश्चक्रीत.

जे मूठभर वाचले ते लपले. एकदोन वर्षे नव्हे, सुमारे चाळीस वर्षे! वाटेवर पाऊल उमटू नये म्हणून ते दगडांवरून चालत. धूर दिसू नये म्हणून लहान आग करीत. कड्यावरून दोरीने ओढ्यात उतरत. बंदुकीला आवाज असतो, धनुष्याला नसतो. इशीच्या हातातील धनुष्य हे म्हणूनच शौर्याचे साधन नव्हते. निमूट जगण्याचे साधन होते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. धनुर्धर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रणांगण उभे राहते. येथे मात्र बाण सुटला हे कोणाला कळता कामा नये, यातच सारे कौशल्य होते.

१९०८ च्या नोव्हेंबरात एका वीज कंपनीचे मोजणीदार डिअर क्रीकच्या झाडीत शिरले आणि अचानक शेवटच्या चार याहींच्या तळावर येऊन ठेपले. एक म्हातारा आणि एक बाई पळाली. पांघरुणांखाली एक आजारी वृद्धा होती, ती इशीची आई. तिला कोणी इजा केली नाही, पण येणाऱ्यांनी तळावरील धनुष्यबाण, टोपल्या, कातडी, हाताला लागेल ते आठवण म्हणून उचलून नेले. हिवाळा तोंडावर आलेला. ज्यांनी नेले त्यांच्या दृष्टीने त्या गमतीच्या वस्तू होत्या. ज्यांच्या नेल्या त्यांचा तो सारा संसार होता. पळालेली दोघे पुन्हा कधीच दिसली नाहीत. आई थोड्याच दिवसांत गेली. त्यानंतर इशी एकटा राहिला. सुमारे तीन वर्षे त्याच्याशी त्याच्या भाषेत एक शब्द बोलणारे कोणी नव्हते.

१९११ च्या ऑगस्टअखेर ऑरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्याच्या आवारात कुत्री भुंकू लागली. पाहतात तो कुंपणाशी एक उपाशी, थकलेला माणूस. केस सुतकासाठी जाळून आखूड केलेले. शेरीफने त्याला तुरुंगाच्या कोठडीत नेऊन ठेवले. गर्दीपासून जपण्याचा तोच एक मार्ग त्याला दिसला असावा. बातमी वाचून विद्यापीठातून टी. टी. वॉटरमन हे तरुण मानवशास्त्रज्ञ आले. त्यांच्याजवळ याना भाषेच्या उत्तरेकडील बोलींची शब्दयादी होती. एकेक शब्द वाचीत गेले. समोरचा चेहरा कोरा. अखेर पाइन लाकडाचा शब्द आला आणि वॉटरमननी खाटेच्या लाकडी चौकटीवर बोट आपटले. त्या माणसाचा चेहरा उजळला. दोघेही खाटेवर ठोकीत तोच शब्द पुनःपुन्हा म्हणू लागले. भाषाविषयाच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग कधी विसरू नये असे मला वाटते. व्याकरण, वाक्यरचना हे सारे नंतरचे. एका शब्दावर दोन माणसांचे एकमत झाले, की भाषा सुरू झाली.

सप्टेंबरात त्याला सॅन फ्रान्सिस्कोतील विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. परत डोंगरात जावे, की सरकारने राखून ठेवलेल्या इंडियन वसाहतीत, असे त्याला विचारले गेले तेव्हा त्याने संग्रहालयातच राहणे पसंत केले. तेथे मदतनीस म्हणून त्याला महिना २५ डॉलर मिळत. उंच इमारतींचे त्याला विशेष नवल वाटले नाही. त्याच्या घळीचे कडे त्यांहून उंच होते. नवल वाटले ते माणसांच्या गर्दीचे. एवढी माणसे एका ठिकाणी असू शकतात हेच त्याला ठाऊक नव्हते. रविवारी लोक बघावयास येत आणि तो त्यांच्यासमोर बसून बाणाची टोके घडवी.

डॉक्टर पोप शेजारच्याच रुग्णालयात शल्यविशारद होते. १९१२ साली दोघांची ओळख झाली आणि रुग्ण-डॉक्टर हे नाते लवकरच शिष्य-गुरू असे उलटे झाले. इशीचे धनुष्य साडेतीन फुटांच्या आसपास, जुनिपरच्या लाकडाचे, दोन्ही बाहूंच्या मध्यावर रुंद आणि चपटे. हरणाचे स्नायुतंतू चावून मऊ करावयाचे, सॅमनचे कातडे उकळून सरस करावयाचा आणि तो लावून हे तंतू धनुष्याच्या पाठीवर बसवावयाचे. ताण म्हणाल तर चाळीस पौंडांच्या आसपास. तेवढ्यात हरीण पडते. बाण हेझलसारख्या सरळ काडीचे, ऊब देऊन नीट केलेले. टोक ज्वालामुखीच्या काळ्या काचेचे, म्हणजे ऑब्सिडियनचे. हरणाच्या शिंगाने दाबून दाबून तो तिच्या कपच्या काढी. पोप यांनी पुढे प्रयोग करून पाहिला, तेव्हा ही काच मांसात पोलादापेक्षा खोल शिरते असे त्यांना आढळले.

धनुष्याचे त्याचे नियम कडक होते. ते उभे टेकवून ठेवावयाचे नाही, आडवे निजवावयाचे. उभे राहिले तर ते काम करीतच राहते आणि थकते, असे तो मानी. शिकारीच्या आधी मासे खावयाचे नाहीत, तंबाखू ओढावयाची नाही. अंग धुवावयाचे, सुगंधी पाल्याने चोळावयाचे, म्हणजे माणसाचा वास जातो. मग वाऱ्याची दिशा बघून झुडपाआड बसावयाचे. बोटे ओठांना लावून तो दुखावलेल्या सशासारखा चीत्कार काढी आणि ससे स्वतःच पुढे येत. कधी त्या आवाजावर रानमांजरही येई. हरणासाठी तो पेंढा भरलेले हरणाचे डोके आपल्या डोक्यावर धरून झुडपामागून हळूच वरखाली करी. हरीण कुतूहलाने जवळ येई. म्हणजे आपण हरणाकडे जावयाचे नाही, हरणाने आपल्याकडे यावे असे करावयाचे. उकिडवे बसून, धनुष्य तिरपे धरून, अंगठ्याने दोरी ओढून तो बाण सोडी. गंमत अशी की, मैदानात लांबवर रंगीत चकती ठेवून नेम धरावयाचा म्हटले तर पोप त्याला सहज हरवीत. पण रानात, सशाच्या अंतरावर, शिष्याने गुरूपुढे हात टेकले.

१९१४ च्या उन्हाळ्याच्या आरंभी क्रोबर, वॉटरमन, पोप आणि पोप यांचा लहान मुलगा इशीला घेऊन डिअर क्रीकला गेले. इशी आधी तयार नव्हता. जेथे आपले सारे गेले तेथे सहलीला कोण जाईल? पण गेला. जागांची नावे सांगितली, लपण्याच्या वाटा दाखविल्या, ओढ्यात पोहला. नकाशावर आज त्या घळीची जी याही नावे सापडतात, ती पुष्कळशी त्याच प्रवासातील.

पुढच्या वर्षी, १९१५ साली, एडवर्ड सपीर हे थोर भाषाशास्त्रज्ञ त्याची भाषा टिपून घेण्यास आले. दिवसचे दिवस बैठका चालल्या. इशी थकत होता आणि ती थकावट क्षयाची होती. शहराच्या ज्या गर्दीने तो चकित झाला, तिच्यातूनच हा रोग त्याच्या छातीत आला. इतके राबवून घ्यावयास नको होते, ही खंत वॉटरमन यांना पुढे लागून राहिली. २५ मार्च १९१६ रोजी इशी वारला.

आता जे घडले ते सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. मृत शरीर चिरणे याही माणसाला असह्य, हे क्रोबरना ठाऊक होते. ते त्या वेळी न्यूयॉर्कला होते. त्यांनी पत्र लिहून शवविच्छेदनास स्पष्ट विरोध केला, विज्ञानाचे नाव सांगून कोणी आग्रह धरील तर त्याला जुमानू नका असे बजाविले. पत्र उशिरा पोचले. शवविच्छेदन झाले, मेंदू काढून ठेवला गेला. बाकीच्या देहाचे दहन झाले. बरोबर त्याचे धनुष्य, पाच बाण, ओकच्या पिठाची टोपली, शिंपल्यांचे मणी आणि तंबाखू ठेवली होती. आणि मेंदूचे काय? ज्यांनी विरोध केला त्याच क्रोबरनी तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवून दिला. तेथे तो ऐंशीहून अधिक वर्षे राहिला. क्रोबर यांच्या पत्नी थिओडोरा यांनी १९६१ साली इशीचे जे चरित्र लिहिले, ते लाखो वाचकांपर्यंत गेले. मेंदू कोठे आहे हे त्या वाचकांना कळले नाही. १९९९ साली शोध लागला, आणि २००० साली याना रक्ताच्या वंशजांनी, रेडिंग रँचेरिया आणि पिट रिव्हर या जमातींनी, मेंदू व रक्षा एकत्र करून त्याच्या भूमीत अज्ञात जागी पुरल्या. २०२१ साली बर्कलेच्या विद्यापीठाने आपल्या मानवशास्त्राच्या इमारतीला असलेले क्रोबर यांचे नाव काढून टाकले.

क्रोबर दुष्ट होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे म्हणवत नाही. त्यांचे इशीवर प्रेम होते याला पुरावा आहे, आणि मेंदू त्यांनीच पाठविला यालाही पुरावा आहे. दोन्ही एकाच माणसाने केले. मोजणीदारांनी टोपल्या नेल्या, त्यांना निदान इशीचे नावगाव माहीत नव्हते. क्रोबरना त्याचे सारे माहीत होते. माहिती असणे आणि मान राखणे या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत, हे त्यांच्यासारख्या विद्वानाच्या हातून दिसावे याचे वाईट वाटते. आपल्यापैकी कितीतरी जण ओव्या, कहाण्या, बोलीचे शब्द गोळा करण्यासाठी वाड्यापाड्यांवर जातात. ते काम झालेच पाहिजे. इशीचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर टिपला गेला नसता तर याही भाषा आज ऐकूच आली नसती. पण सांगणारी म्हातारी थकली की वही मिटावी, आणि तिने देऊ नये म्हटले ते मागू नये, एवढे तरी या चरित्रातून घ्यावे.

पोप १९२६ साली वारले. तीन वर्षे आधी त्यांनी धनुष्याच्या शिकारीवर लिहिलेले पुस्तक आजही वाचले जाते आणि त्यात इशी पहिल्या मानाने भेटतो. मिल क्रीक आणि डिअर क्रीक यांच्या परिसरातील रान १९८४ साली संरक्षित झाले, त्याला ‘इशी वाइल्डरनेस’ असे नाव आहे. तेथे मोटार जाऊ शकत नाही. पायी जावे लागते, आणि शहाण्याने दगडांवरून चालावे.