मणके जोडल्यानंतरची वर्षं: जॉन केनेडी यांच्या कंबरेची गोष्ट

कंबरेचा एमआरआय घेऊन तुम्ही दवाखान्यात येता, तेव्हा तुमचा किंवा सोबत आलेल्या मुलाचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. ऑपरेशन केलं तर हे दुखणं कायमचं जाईल का? मी सर्जन नाही, साधा फॅमिली डॉक्टर आहे. पण ऑपरेशन झालेले रुग्ण पाच-दहा वर्षांनी परत येतात ते माझ्याकडेच, त्यामुळे पुढचा काळ कसा जातो हे मला जवळून पाहायला मिळतं. आज त्याबद्दल सांगताना मी एका अशा रुग्णाचा आधार घेणार आहे ज्याचे वैद्यकीय कागद जगासमोर आले आहेत. ते म्हणजे अमेरिकेचे ३५वे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी.

केनेडींचा जन्म २९ मे १९१७ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रुकलाइनमध्ये झाला. श्रीमंत घर, पण मुलगा लहानपणापासून आजारी. विशीतच कंबर दुखू लागली. १९४१ साली सैन्यभरतीच्या वैद्यकीय तपासणीत कंबरेमुळेच ते नापास झाले. पुढे वडिलांच्या ओळखीने नौदलात शिरले. ऑगस्ट १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ एका जपानी विनाशिकेने त्यांची पीटी-१०९ ही छोटी युद्धनौका मधोमध कापली. केनेडी नौकेतच जोरात आपटले आणि त्यानंतर भाजलेल्या सहकाऱ्याच्या जॅकेटचा पट्टा दातात धरून काही तास पोहत राहिले. त्यांची कंबर या अपघाताने बिघडली, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात ती आधीपासून दुखत होती, अपघाताने त्यात भर पडली. आपल्याकडेही असंच होतं. सिलिंडर उचलला आणि मणका गेला असं रुग्ण सांगतात, पण थोडं खोदून विचारलं की दुखणं दोन वर्षं जुनं निघतं.

जून १९४४ मध्ये बोस्टनला पहिली शस्त्रक्रिया झाली, ती गादीची. गादी फारशी सरकलेली सापडली नाही आणि आरामही पुरेसा पडला नाही. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. गादीने नस दाबली गेल्यामुळे पायात कळ जात असेल, तर दाब काढल्यावर पायाला चांगला आराम पडतो. नुसती कंबर दुखत असेल आणि दाबलेली नस सापडतच नसेल, तर तेवढी खात्री देता येत नाही.

१९४७ साली लंडनमध्ये त्यांना ॲडिसनचा आजार असल्याचं निदान झालं. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी शरीराला रोज लागणारं स्टिरॉइड बनवतात. या आजारात त्या ते बनवेनाशा होतात, आणि मग ते आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्याने हाडं ठिसूळ होऊ शकतात. जखम उशिरा भरते, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शस्त्रक्रियेच्या ताणात स्टिरॉइड कमी पडलं तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो.

१९५३ साली केनेडी सिनेटर झाले आणि पुढच्या वर्षी कुबड्यांवर आले. मणके जोडण्याचा, म्हणजे फ्युजनचा, विषय निघाला. ॲडिसनच्या आजारामुळे बोस्टनच्या डॉक्टरांनी सावध केलं होतं. केनेडींनी धोका पत्करला. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी न्यूयॉर्कला डॉ. फिलिप विल्सन यांनी धातूची पट्टी बसवून कंबरेचा खालचा भाग जोडला.

फ्युजन म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. दोन मणक्यांमधली हालचाल थांबवायची, त्यांच्यामध्ये हाडाचे तुकडे भरायचे आणि दोन्ही मणके मिळून एकच हाड होईल असं पाहायचं. आजचे स्क्रू आणि सळ्या काय किंवा तेव्हाची पट्टी काय, हाड जुळेपर्यंत मणके धरून ठेवणं एवढंच त्यांचं काम. खरं जुळणं शरीर करतं आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. तंबाखू, सिगारेट, ताब्यात नसलेला मधुमेह आणि स्टिरॉइड हे त्या जुळण्याचे शत्रू. मिश्री लावणाऱ्या बायकांना हे मी मुद्दाम सांगतो, कारण तंबाखू म्हटलं की त्यांना फक्त पुरुषांची आठवण होते.

केनेडींचं काय झालं? तिसऱ्या दिवशी मूत्रमार्गात जंतुसंसर्ग झाला. ते बेशुद्ध पडले. धर्मगुरूला बोलावून अंत्यसंस्कारापूर्वीचे विधीही उरकण्यात आले. ते त्यातून वाचले, पण पाठीची जखम काही भरेना. फेब्रुवारी १९५५ मध्ये पुन्हा पाठ उघडून पट्टी काढून टाकावी लागली. सप्टेंबर १९५७ मध्ये त्याच ठिकाणचा पू काढण्यासाठी चौथी शस्त्रक्रिया झाली. १९५५ साली शस्त्रक्रियेच्या एका अमेरिकन नियतकालिकात ३७ वर्षांच्या एका पुरुषाची केस नाव न देता छापली गेली. ॲडिसनच्या रुग्णावर मोठी शस्त्रक्रिया कशी पार पाडली, हा तिचा विषय होता. तो पुरुष केनेडीच होते, हे बाहेर यायला बरीच वर्षं लागली.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. प्रतिजैविकं, भूल, स्क्रू, सगळंच बदललंय आणि एवढी गुंतागुंत क्वचित होते. तरी शस्त्रक्रियेचा दीर्घकाळचा निकाल आजही सर्वात जास्त एकाच गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे शस्त्रक्रिया कशासाठी केली. मणका खरोखर पुढे सरकलाय आणि नसा दबल्यात, मणका मोडलाय, क्षयाने किंवा गाठीने पोखरलाय, अशा वेळी शस्त्रक्रियेचा फायदा स्पष्ट असतो आणि पुष्कळदा तो वर्षानुवर्षं टिकतो. गादी झिजली आहे आणि कंबर दुखते, एवढंच कारण असेल तर चित्र वेगळं. स्वीडनमधल्या एका अभ्यासात दोन वर्षांनी शस्त्रक्रियेचं पारडं जड निघालं, पण तिथे तुलना नेहमीच्या फिजिओथेरपीशी होती. ब्रिटन आणि नॉर्वेत एका गटाचे मणके जोडले आणि दुसऱ्या गटाला रोजचा कसून व्यायाम दिला, शिवाय दुखण्याची भीती घालवणारं समुपदेशन दिलं. सरासरी ११ वर्षांनी या रुग्णांना तपासलं तेव्हा दोन्ही गटांचा त्रास जवळपास सारखाच होता.

आणखी एक हिशेब आधीच समजून घ्या. जोडलेला भाग हलत नाही, त्यामुळे वरच्या किंवा खालच्या मणक्यावर जादा ताण येतो. शेजारच्या मणक्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाण साधारण दर वर्षी शंभरात दोन ते तीन इतकं धरलं जातं. वय पस्तीस असेल तर पुढे चाळीस वर्षं काढायची आहेत. पंचाहत्तरीच्या आजोबांचं गणित वेगळं आणि तुमचं वेगळं.

केनेडींकडे परत येऊ. १९५५ पासून डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल त्यांच्या दुखऱ्या स्नायूंमध्ये बधिर करणारी इंजेक्शनं देऊ लागल्या. त्यांनीच त्यांना डुलणाऱ्या खुर्चीत बसायला सांगितलं आणि एक पाय आखूड असल्याने बुटात टाचेखाली उंची दिली. केनेडींना आराम पडे, पण तो तात्पुरता. मे १९६१ मध्ये कॅनडात ओटावाला समारंभात झाड लावताना फावड्याने माती उचलली आणि कंबर पुन्हा धरली. राष्ट्राध्यक्ष पुन्हा कुबड्यांवर आले. लोकांच्या नजरेस पडणार नाहीत अशा बेताने त्या वापरल्या जात. इंजेक्शनं इतकी वाढली की व्हाइट हाउसमधल्या इतर डॉक्टरांना काळजी वाटू लागली.

शरद ऋतूत डॉ. हान्स क्राउस यांना बोलावलं गेलं. मूळचे ऑस्ट्रियाचे, गिर्यारोहणाचे शौकीन. त्यांनी तपासलं तेव्हा पोटाचे स्नायू इतके कमकुवत होते की केनेडींना निजून एकदाही उठता येईना. मांडीमागचे स्नायू ताठलेले होते. पट्टा बांधून आणि इंजेक्शनं घेऊन घेऊन स्नायू जणू कामावरून निवृत्तच झाले होते. क्राउस यांनी आठवड्यातून तीन दिवस व्यायाम सुरू केला. हळूहळू ताण देणं, मग ताकद वाढवणं, जोडीला पोहणं. काही महिन्यांत फरक दिसू लागला. ज्या माणसाला चार शस्त्रक्रियांनी टिकाऊ आराम दिला नव्हता, तो मुलांना उचलू लागला. मला मात्र राहून राहून वाटतं की हा व्यायाम १९४४ सालीच मिळाला असता तर? पण त्या काळी कंबरेला विश्रांतीच सांगत असत.

म्हणून शस्त्रक्रिया सुचवली गेली असेल तर सर्जनना थेट विचारा, हे फ्युजन माझ्या कोणत्या त्रासासाठी आहे, पायासाठी की कंबरेसाठी? माझा मणका सरकलाय की फक्त गादी झिजलीय? मी तीन महिने नेटाने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम केला आहे का? मधुमेह, स्टिरॉइडच्या गोळ्या, तंबाखू, काहीही लपवू नका. स्टिरॉइडच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या भीतीने आपल्या मनाने बंद करणं तर फारच धोक्याचं. मात्र लघवी अडकली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाय लुळा पडू लागला, तर यातलं काहीही विचारत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा.

केनेडींचा कंबरपट्टा मात्र पुरता सुटला नाही. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसला उघड्या मोटारीत बसण्यापूर्वीही त्यांनी तो घट्ट बांधला होता आणि त्यावरून रुंद इलॅस्टिक बँडेज गुंडाळलं होतं.