हेन्री फोर्डसोबत फक्त हात मिळवून डील केली, पुढे त्याच्याच कंपनीला कोर्टात खेचलं

जुना ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाला हा त्रास चांगलाच माहीत असतो. स्टिअरिंग पाव वळसा फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म. मिस्त्री म्हणतात, स्टिअरिंगला प्ले आलाय.

आता हा प्ले ज्या ट्रॅक्टरमधून काढायला जगभरातले हौशी लोक आजही सुट्टीच्या दिवशी जॅक लावून बसतात, तो म्हणजे छोटा करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई२०. आणि तो ज्याने बनवला, त्या हॅरी फर्ग्युसनचा किस्सा ट्रॅक्टरपेक्षाही भारी आहे.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा. आयर्लंडच्या काउंटी डाउनमधलं शेतकरी कुटुंब, ११ भावंडं. शेतीकामाचा मात्र त्याला मनापासून कंटाळा. १९०२ मध्ये त्याने घर सोडलं आणि बेलफास्टमध्ये मोठ्या भावाच्या सायकल आणि गाड्यांच्या गॅरेजमध्ये हात काळे करायला सुरुवात केली.

तिथे गडी इंजिनमध्ये असा रमला की मोटारसायकलच्या शर्यती झाल्या आणि नंतर थेट विमानच बनवायला घेतलं. ३१ डिसेंबर १९०९ ला हिल्सबरोमध्ये त्याने स्वतः बनवलेलं विमान उडवलं. आयर्लंडच्या जमिनीवरून उडालेला तो पहिला आयरिश माणूस.

मग विमानवाला माणूस नांगराकडे कसा वळला?

तर झालं असं की पहिल्या महायुद्धात अन्नधान्याची टंचाई झाली. १९१७ मध्ये सरकारने हॅरीला आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरचं काम सुधारायला लावलं. गावोगाव फिरताना त्याच्या लक्षात आलं की खरी गडबड ट्रॅक्टर आणि नांगर यांच्या जोडणीत आहे.

तेव्हा नांगर बैलगाडीसारखा साखळीने नाहीतर दांड्याने मागे ओढला जायचा. तो जमिनीतल्या दगडाला अडकला की मागची चाकं थांबायची, पण इंजिनचा जोर थांबायचा नाही. मग तो जोर ट्रॅक्टरचं नाक वर उचलायचा आणि ट्रॅक्टर मागे उलटा होऊन चालकाच्या अंगावर पडायचा. त्या काळातल्या हलक्या ट्रॅक्टरवर यात कित्येक जण गेले. पुढची चाकं हवेत असतील, तर स्टिअरिंग कितीही नवंकोरं असून काय उपयोग?

हॅरीने यावर वर्षानुवर्षं डोकं लावलं आणि नांगर ट्रॅक्टरलाच तीन बिंदूंवर जोडून टाकला. खाली दोन दांडे, वर एक. नांगर अडकला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, त्यामुळे नाक खालीच राहतं. सोबत हायड्रॉलिक यंत्रणा. जमीन कडक लागली की ती नांगर आपोआप थोडा उचलते. आज महिंद्रा घ्या, स्वराज घ्या, मागे जे तीन दांडे दिसतात ते याच कल्पनेचे.

१९३६ मध्ये डेव्हिड ब्राउनसोबत त्याचा ट्रॅक्टर बाजारात आला, पण दोघांचं फार काळ जमलं नाही. मग ऑक्टोबर १९३८ मध्ये हॅरी आपला ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्डच्या दारात पोचला. प्रात्यक्षिक बघून फोर्ड खूश. तिथेच दोघांनी हात मिळवले. ट्रॅक्टर फोर्ड बनवणार, विकणार हॅरी. कागद नाही, सही नाही.

१९३९ मध्ये फोर्ड ९एन आला आणि पुढच्या काही वर्षांत तीन लाखांहून जास्त ट्रॅक्टर विकले गेले. पण कंपनीची सूत्रं नातू हेन्री फोर्ड दुसरा याच्याकडे गेली आणि त्याने हा व्यवहार मोडला. हॅरीचीच यंत्रणा असलेला ट्रॅक्टर फोर्डने स्वतः विकायला काढला. हात मिळवणारा म्हातारा फोर्ड १९४७ मध्ये वारला होता आणि दाखवायला कागद नव्हता. पण पेटंट होती. हॅरीने २५ कोटी डॉलरपेक्षा मोठा दावा ठोकला. १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलरवर तडजोड झाली. पैसे आले, पण अमेरिकेतलं मार्केट गेलं ते गेलंच.

दरम्यान इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ पासून टीई२० बनू लागला होता. १९५६ पर्यंत पाच लाखांहून जास्त बनले. एडमंड हिलरी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच ट्रॅक्टरवरून.

याचं स्टिअरिंग समजून घेण्यासारखं आहे. गिअरबॉक्समधून दोन हात निघतात आणि प्रत्येक चाकाला स्वतंत्र ड्रॅग लिंक जाते. पुढच्या एक्सलचे बाहेरचे तुकडे तिरके बसवलेत. पिकाच्या ओळींप्रमाणे चाकांमधलं अंतर बदललं, तरी लिंकला हात लावावा लागत नाही.

पण सांधे जास्त म्हणजे झीजही जास्त ठिकाणी. लिंकच्या टोकांचे बॉल जॉइंट, चाकाच्या उभ्या पिनांचे बुश, शेवटी बॉक्समधले दाते. अनुभवी मिस्त्री आधी बॉक्स उघडत नाही. एकाला स्टिअरिंग हलवायला लावून तो एकेक सांध्यावर बोट ठेवतो. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तिथे प्ले. बहुतेक वेळा काम बॉल जॉइंट आणि बुशवरच भागतं. फक्त नवीन जॉइंट बसवताना दोन्ही लिंकची लांबी पुन्हा जुळवायची, नाहीतर एक चाक एकीकडे, दुसरं दुसरीकडे.

१९५३ मध्ये हॅरीने कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिसला दिली. १० लाख डॉलरवरून वाद अडला तेव्हा चक्क नाणं उडवलं गेलं, आणि हॅरी हरला. त्यातूनच पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. १९६० पासून चेन्नईच्या टाफेमुळे ते आपल्याकडच्या शिवारातही पोचलं.

त्याच वर्षी, २५ ऑक्टोबरला हॅरी गेला. तेव्हा त्याची टीम चारही चाकांना ताकद देणाऱ्या रेसिंग कारवर काम करत होती. १९६१ मध्ये ओल्टन पार्कच्या ओल्या ट्रॅकवर स्टर्लिंग मॉसने ती पहिली आणली. फॉर्म्युला वनची शर्यत जिंकणारी चारचाकी ड्राइव्हची ती आजवरची एकमेव गाडी.