एल. व्ही. प्रसाद : भाषांच्या सीमेवरील दिग्दर्शक

भिवंडीच्या यंत्रमागांवर निघणाऱ्या कापडात अनेक प्रांतांतील माणसांचे श्रम एकवटलेले असतात. उत्तर प्रदेशातून पिढ्यांपूर्वी आलेले मोमीन विणकर आणि तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर यांच्याविना या गावाच्या उद्योगाचा इतिहास लिहिताच येणार नाही. पद्मानगरसारख्या वस्तीत आजही तेलुगू ही घरातली भाषा आहे. तेथील मुले शाळेत येतात, माणसे कचेरीत अर्ज घेऊन येतात. घराण्याचे नाव आधी व स्वतःचे नाव नंतर, अशा पद्धतीने लिहिलेली त्यांची लांबलचक नावे नोंदवहीत उतरवताना कारकुनाची लेखणी अडखळते आणि बहुधा ते नाव आखूड केले जाते. शेजाऱ्याचा परिचय बऱ्याच वेळा तेथेच थांबतो.

अशाच एका लांब नावाचा तेलुगू तरुण १९३० च्या सुमारास मुंबईत उपजीविका शोधीत होता. अक्किनेनी लक्ष्मीवरप्रसाद राव हे त्याचे नाव. चित्रपट कंपनीतील एका कारकुनाला ते पेलले नाही, म्हणून त्याने त्याचे एल. व्ही. प्रसाद केले, असे सांगतात. पुढे हेच आखूड नाव तेलुगू, तमिळ आणि हिंदी या तिन्ही भाषांच्या रजतपटावर झळकले व १९८२ चा दादासाहेब फाळके पुरस्कारही याच नावाने दिला गेला. मराठी प्रेक्षकाने प्रसाद यांचे चित्रपट पाहिले, त्यांतील गाणी गुणगुणली. परंतु हा दिग्दर्शक कोठला आणि त्याची घडण कोठे झाली, याची चौकशी फारशी केली नाही. ती करण्याजोगी आहे. बोलपटाने भारतीय प्रेक्षकांमध्ये भाषेची जी भिंत उभी केली, ती उभी राहत असताना प्रसाद तेथे हजर होते आणि पुढील अर्धशतक त्या भिंतीला दारे पाडण्याचेच काम त्यांनी केले.

कर्ज आणि गृहत्याग

प्रसाद यांचा जन्म १७ जानेवारी १९०८ रोजी आंध्रातील एलुरूजवळच्या सोमवरप्पाडु या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. गोदावरी आणि कृष्णा या दोन नद्यांच्या दरम्यानचा हा सुपीक मुलूख. गावात येणाऱ्या नाटक मंडळ्या आणि तंबूतून दाखवले जाणारे मूकपट यांनी या मुलाचे चित्त शाळेवरून पार उडवले. तत्कालीन रीतीप्रमाणे लहान वयातच मामाच्या मुलीशी विवाह झाला. तोच वडील कर्जात बुडाले, दिवाळे निघाले आणि घराण्याची पत गावात उरली नाही. हा अपमान असह्य होऊन विशीतील प्रसाद सुमारे शंभर रुपये बरोबर घेऊन, घरी कोणालाही न सांगता मुंबईस निघून आले.

आज तेलुगू भाषक प्रदेशाची दोन राज्ये आहेत. भिवंडीचे विणकर तेलंगणाचे, तर प्रसाद किनारी आंध्रचे. तथापि गाव सोडायला लावणारी कारणे दोन्हीकडे सारखीच होती. कर्ज, नापत आणि मुंबईत काही तरी काम मिळेल ही आशा, या तीन गोष्टींनी ज्या असंख्य माणसांना या बाजूस आणले, त्यांतलेच प्रसाद हे एक होत.

मुंबईत त्यांना मिळाले ते व्हीनस फिल्म कंपनीत निरोप पोचवण्याचे आणि पडेल ते हरकाम करण्याचे काम. मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. परंतु मूकपटाच्या कारखान्यात बोलण्यावाचून फारसे अडत नसे. हळूहळू किरकोळ भूमिका मिळू लागल्या आणि त्याच सुमारास मूकपटाचे युगच संपुष्टात आले.

तीन आरंभांचा साक्षीदार

मूकपटाला भाषा नव्हती, किंबहुना सर्वच भाषा त्याच्या होत्या. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हा पाट्यांवरील मजकूर बदलला की तोच चित्रपट कोणत्याही प्रांतात चालू शकत असे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा ‘आलम आरा’ झळकला आणि ही सोय एका दिवसात संपली. पडदा बोलू लागला. पण बोलू लागताच त्याला कोणती तरी एक भाषा निवडणे भाग पडले. प्रत्येक प्रांताला आता स्वतःचा चित्रपट हवा होता.

‘आलम आरा’मध्ये प्रसाद यांची एक लहानशी भूमिका होती. इंपीरियलमध्येच त्यांची गाठ एच. एम. रेड्डी या तेलुगू दिग्दर्शकाशी पडली. ऑक्टोबर १९३१ मध्ये प्रदर्शित झालेला रेड्डींचा ‘कालिदास’ हा पहिला तमिळ बोलपट मानला जातो. वस्तुतः त्यात नायिका तमिळ बोलते, नायक तेलुगू, तर काही पात्रांच्या तोंडी हिंदी आहे. भिंत उभी राहत होती, पण अजून पुरती बांधून झाली नव्हती, याचा याहून बोलका पुरावा नसेल. त्यामागोमाग रेड्डींनी ‘भक्त प्रल्हाद’ हा पहिला तेलुगू बोलपट मुंबईतच तयार केला आणि १९३२ च्या प्रारंभी तो पडद्यावर आला. या दोन्ही चित्रपटांत प्रसाद होते; दुसऱ्यात तर गुरुगृहातील एका मठ्ठ शिष्याची गमतीदार भूमिका त्यांच्या वाट्याला आली. याच वर्षी प्रभात कंपनीने कोल्हापुरात निर्मिलेला ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट प्रदर्शित झाला. हिंदी, तमिळ आणि तेलुगू या तीन भाषांच्या पहिल्या बोलपटांत काम केलेला नट म्हणून प्रसाद यांचे नाव इतिहासात नोंदले गेले आहे. त्यासाठी त्यांना मुंबई सोडावी लागली नव्हती, ही गोष्टही ध्यानात घेण्याजोगी आहे.

या योगायोगाने त्यांना वैभव मात्र दिले नाही. त्यानंतरची सुमारे पंधरा वर्षे ही निव्वळ उमेदवारीची होती. पत्नीला मुंबईस आणून त्यांनी संसार थाटला. कधी साहाय्यक दिग्दर्शक, कधी नट, तर कधी रिकामे हात असा काळ गेला. ‘कष्टजीवी’ नावाचा एक तेलुगू चित्रपट दिग्दर्शित करण्याची संधी आली, पण तीन रिळांनंतर तो बंद पडला. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या पृथ्वी थिएटर्समध्येही ते काही काळ होते. तेथे राज कपूर यांच्याशी झालेला परिचय पुढे उपयोगी पडला. अखेर १९४६ मध्ये ‘गृहप्रवेशम्’ या तेलुगू चित्रपटाचे दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका अशी दुहेरी जबाबदारी त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचे वय अडतीस होते.

घरगुती कथेचे सामर्थ्य

त्यानंतरची दहा वर्षे हा प्रसाद यांच्या प्रतिभेचा खरा बहर होय. १९४९ च्या ‘मन देशम्’मध्ये त्यांनी एका पोलीस अधिकाऱ्याच्या छोट्या भूमिकेत एन. टी. रामाराव या तरुणाला प्रथम पडद्यावर आणले. पुढे हाच तरुण तेलुगू प्रेक्षकांचे दैवत आणि आंध्र प्रदेशाचा मुख्यमंत्री झाला. नागी रेड्डी व चक्रपाणी यांच्या विजया संस्थेचा पहिला चित्रपट ‘शावुकारु’ (१९५०) प्रसाद यांनीच दिग्दर्शित केला. त्याच वर्षी ‘संसारम्’, १९५२ मध्ये ‘पेळ्ळि चेसि चूडु’, १९५५ मध्ये ‘मिस्सम्मा’ आणि १९५९ मध्ये ‘अप्पु चेसि पप्पु कूडु’ हे चित्रपट आले.

ही नावे मराठी वाचकाने एकदा सावकाश वाचून पाहावीत. ‘गृहप्रवेशम्’ आणि ‘संसारम्’ यांना भाषांतर लागत नाही. ‘शावुकारु’ म्हणजे सावकार. आणि कर्जापायी घर सुटलेल्या दिग्दर्शकाने आपल्या आरंभीच्या चित्रपटांतच हा विषय हाताळावा, यात नवल नाही. ‘पेळ्ळि चेसि चूडु’ म्हणजे लग्न करून पाहा. घर पाहावे बांधून नि लग्न पाहावे करून, ही म्हण मराठीत आहे तशीच तेलुगूतही आहे आणि हुंड्याच्या चालीची टर उडवणाऱ्या या चित्रपटाने तिचाच अर्धा भाग शीर्षकासाठी उचलला. ‘अप्पु चेसि पप्पु कूडु’ हा प्रकार म्हणजे मराठीतील ऋण काढून सण करण्याचा सख्खा भाऊ.

‘मिस्सम्मा’ची गोष्ट तर शिक्षक वाचकांना विशेष जवळची वाटेल. एका गावातील जमीनदाराच्या शाळेला शिक्षक म्हणून पदवीधर दांपत्य हवे असते. नोकरीवाचून हैराण झालेले एक हिंदू तरुण आणि एक ख्रिस्ती तरुणी पोटासाठी पतिपत्नी असल्याची बतावणी करतात व ती नोकरी मिळवतात. मूळ कल्पना ‘मानमयी गर्ल्स स्कूल’ या बंगाली नाटकातली. प्रसाद यांनी ती तेलुगूत आणि त्याच वेळी तमिळमध्ये चित्रित केली आणि १९५७ मध्ये ‘मिस मेरी’ या नावाने हिंदीतही आणली. बेकारी, जातधर्म आणि नोकरीसाठी करावी लागणारी सोंगे यांना प्रांत नसतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. पौराणिक भव्यता आणि राजवाड्यांचे देखावे यांच्या गर्दीत त्यांनी ओसरी, माजघर आणि उंबरठा यांवर कॅमेरा रोखला. माणसे घरात बोलतात तशी पडद्यावर बोलावीत, हा त्यांचा आग्रह होता.

मद्रासहून हिंदीकडे

दक्षिणेतील निर्मात्यांना हिंदीचा मार्ग वासन यांच्या ‘चंद्रलेखा’ने १९४८ मध्येच दाखवला होता, पण तो मार्ग नगाऱ्यांचा होता. प्रसाद घरगुती कथेची शिदोरी घेऊन आले. १९५७ च्या ‘शारदा’त राज कपूर व मीनाकुमारी होते. १९५९ च्या ‘छोटी बहन’मध्ये दृष्टी गमावलेल्या बहिणीची प्रमुख भूमिका त्यांनी मास्टर विनायकांची कन्या नंदा हिला दिली आणि ती नायिका म्हणून प्रतिष्ठित झाली. १९६७ च्या ‘मिलन’चे ते निर्माते होते, दिग्दर्शक आदुर्ती सुब्बाराव. मूळ तेलुगू चित्रपटातील नावाडी गोदावरीवर होता. हिंदीत नायिका झाली ती समर्थांची नूतन. ज्या गोदावरीच्या उगमापाशी, त्र्यंबकेश्वरी, फाळक्यांचा जन्म झाला, तीच नदी प्रसाद यांच्या मुलखात समुद्राला मिळते. भारतीय चित्रपटाचा भूगोल भाषावार नकाशात मावत नाही, तो असा.

१९८१ चा ‘एक दुजे के लिए’ ही प्रसाद यांच्या निर्मितीतील सर्वाधिक गाजलेली कृती. दिग्दर्शक के. बालचंदर यांनी आपल्याच ‘मरो चरित्र’ या तेलुगू चित्रपटावरून तो केला. गोव्यात शेजारी राहणारे तमिळ आणि हिंदी भाषक कुटुंब, भाषेमुळे त्यांच्यात वाढलेले वैर आणि त्यात बळी पडलेली दोन तरुण मुले. पन्नास वर्षांपूर्वी ‘कालिदास’मध्ये वेगवेगळ्या भाषा एकाच पडद्यावर सुखाने नांदल्या होत्या; आता त्यांच्यातील दुरावा हाच शोकांतिकेचा विषय झाला होता.

उणिवा आणि ऋणफेड

प्रसाद यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्यांच्या हिंदी चित्रपटांत अश्रूंचे प्रमाण उत्तरोत्तर वाढत गेले आणि तेलुगूतील खट्याळ विनोद मागे पडला. सोशिक बहीण आणि त्यागी माता यांच्या पलीकडे त्यांची स्त्री क्वचित गेली. ‘मिस्सम्मा’तील ख्रिस्ती तरुणी ही अखेरीस जमीनदाराची लहानपणी हरवलेली हिंदू कन्याच निघते आणि चित्रपटाने धैर्याने उपस्थित केलेला प्रश्न सोडवला न जाता टाळला जातो. यशस्वी कथा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उचलण्याची सवय हिंदी धंद्याला लागली, तिचे काही पाप अशा यशांच्याही माथी जाते.

परंतु मिळवलेल्या पैशाचे त्यांनी काय केले, हेही पाहिले पाहिजे. मद्रासमध्ये त्यांनी स्टुडिओ आणि रसायनशाळा उभारल्या, ज्यांचा उपयोग सर्वच भाषांतील निर्मात्यांना झाला. हैदराबादेत नेत्रचिकित्सा संस्थेसाठी त्यांनी पाच एकर जमीन व एक कोटी रुपये दिले. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये सुरू झालेली ही संस्था प्रसाद यांच्याच नावाने आज जगभर ओळखली जाते आणि गरिबांवर तेथे मोफत उपचार होतात. २२ जून १९९४ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, मद्रासमध्ये प्रसाद यांचे निधन झाले.

मुंबईने या माणसाला भाषा विचारली नाही, काम दिले. आणि त्या कामातून तो जे शिकला ते त्याने पुन्हा सर्व भाषांना वाटले. परप्रांतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या अंगी असे काही दडलेले असते, असा दावा कोणी करणार नाही. पण ते आहे की नाही हे कळण्यापुरती तरी ओळख व्हावयास हवी. भिवंडीच्या वर्गात तेलुगू घरातील मुलाला त्याच्या भाषेतील एखादी म्हण विचारण्यास शिक्षकाला काही खर्च येत नाही. कचेरीत त्याच्या वडिलांचे नाव पूर्ण लिहिण्यास शाई थोडी अधिक लागेल इतकेच. त्या म्हणींतील किती मराठीसारख्याच निघतात, हे पाहून दोघांनाही आश्चर्य वाटेल.