गिरणगावचा अलबेला

नाच यायचा तर गुरू हवा, वर्षानुवर्षांची तालीम हवी, असा आपल्याकडचा जुना समज. मा. भगवान यांनी १९५१ साली एका चित्रपटात तो पार मोडीत काढला. बुटका, स्थूल बांधा, नायकाला शोभेल असे नाकडोळे नाहीत. पण दोन्ही हात अर्धवट उचलून, जागच्या जागी हलके पाय टाकत ते असे काही झुलले की घराघरांतला न नाचणारा माणूसही नाचू लागला. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत आज जो सर्रास दिसतो, त्या नाचाचे मूळ बरेचसे त्यांच्यापाशी सापडते.

भगवान आबाजी पालव हे त्यांचे पूर्ण नाव. जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीचा. वडील कापडगिरणीत कामगार. वाढले ते मुंबईत, दादर-परळच्या कष्टकरी वस्तीत. भगवानदादांनी स्वतःही मजुरी केली. पण डोक्यात सिनेमा शिरला होता. मूकपटांच्या अखेरच्या काळात ते पडद्यावर आले. हॉलिवुडचा डग्लस फेअरबँक्स हे त्यांचे दैवत. त्याच्यासारख्या उड्या, मारामाऱ्या ते स्वतःच करीत. बदली माणूस उभा करण्याची चैन त्यांच्या चित्रपटांना परवडणारी नव्हती.

नटाचा दिग्दर्शक व्हायला त्यांना फार काळ लागला नाही. १९३८ साली चंद्रराव कदम यांच्यासमवेत त्यांनी ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला. पुढची दहा-अकरा वर्षे त्यांनी स्टंटपट काढले. पासष्ट हजार रुपयांत चित्रपट पुरा करायचा, कपडेपट स्वतः ठरवायचा, कलावंतांच्या जेवणाची व्यवस्थाही स्वतःच बघायची, असा तो कारभार होता. हे चित्रपट पाहायला येई तो पाळी संपवून आलेला कामगार. सुशिक्षित समीक्षकांनी या चित्रपटांकडे ढुंकूनही पाहिले नाही. तरी या धंद्याचा पाया त्याच प्रेक्षकाच्या आण्या-पैशांवर उभा होता. भगवानदादांना तो प्रेक्षक घरच्यासारखा ठाऊक होता, कारण ते त्याच्यातलेच होते.

या काळातली एक घटना मात्र काळजाला लागणारी. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांना ललिता पवार यांच्या थोबाडीत मारायची होती. फटका जोरात बसला. ललिताबाईंच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, उपचारांत वर्षे गेली आणि डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिका म्हणून चाललेली त्यांची वाटचाल तिथे थांबली. पुढे खाष्ट सासूच्या भूमिकांत त्यांनी अढळ स्थान मिळवले, हा त्यांच्या जिद्दीचा भाग. मुद्दाम केलेले ते कृत्य नव्हते. पण एका कलावतीच्या आयुष्याची दिशा त्या क्षणी बदलली, हेही विसरता येत नाही.

१९४२ मध्येच भगवानदादा निर्माते झाले आणि १९४७ साली त्यांनी चेंबूरला ‘जागृती’ स्टुडिओ उभारला. स्टंटपटांत रमलेल्या या माणसाला सामाजिक चित्रपट काढण्याचा सल्ला दिला तो राज कपूर यांनी. त्यातून ‘अलबेला’ जन्माला आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही भगवानदादाच. नायिका गीता बाली. संगीत सी. रामचंद्रांचे, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. या अण्णांना हिंदीत संगीतकार म्हणून पहिली मोठी संधी भगवानदादांच्याच ‘सुखी जीवन’ने दिली होती. त्याची परतफेड त्यांनी व्याजासकट केली. लता मंगेशकरांबरोबर नायकाची गाणीही त्यांनी स्वतःच, चितळकर या नावाने गायिली.

या संगीतात दूरच्या देशाचाही एक सूर होता. गोव्याच्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट अण्णांच्या वाद्यवृंदात होते आणि आपल्या बँडसह ते ‘अलबेला’च्या पडद्यावरही दिसले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कलावंतांनी घडवलेले जाझ संगीत त्यांनी आत्मसात केले होते. लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. तिथल्या उपेक्षितांचे संगीत आणि इथल्या गिरणी कामगाराच्या मुलाची पावले अशी जुळून आली. १९५१ हे ‘आवारा’ आणि ‘बाजी’चे वर्ष, ‘अलबेला’ त्यांच्या पंक्तीत जाऊन बसला.

मग वैभव आले. जुहूला समुद्राकाठी पंचवीस खोल्यांचा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी. १९५३ चा ‘झमेला’ आणि किशोरकुमारला घेऊन काढलेला १९५६ चा ‘भागम भाग’ आला, पण ‘अलबेला’ची जादू पुन्हा साधली नाही. ‘हंसते रहना’ हा महत्त्वाकांक्षी चित्रपट तर पुराच झाला नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या, आणि दादा दादरच्या चाळीत परतले. पोटासाठी लहानसहान भूमिका करू लागले. कित्येकदा गाण्यातल्या गर्दीत क्षणभर नाचून जाणे एवढेच काम असे.

ही कहाणी उधळेपणाचा धडा म्हणून सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. ती अपुरी आहे. जो माणूस निर्माता, दिग्दर्शक आणि नायक एकटाच असतो, त्याचा एक चित्रपट पडला की तिन्ही एकदम पडतात. त्याच्यामागे ना घराणे, ना वडिलोपार्जित पैसा. नफा वाटून घ्यायला माणसे पुष्कळ. तोटा मात्र त्याच्या एकट्याच्या नावावर. नटाला म्हातारपणी आधार देणारी व्यवस्थाही तेव्हा नव्हतीच म्हणा ना! सात मोटारी सगळ्यांच्या लक्षात राहिल्या. पासष्ट हजारांत सगळे निभावणारा काटकसरी भगवान विस्मरणात गेला.

त्यांची चाल मात्र पुढच्या पिढीने उचलली. अमिताभ बच्चन यांच्या नाचात रसिकांना ती लगेच ओळखू आली. ४ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने दादांनी चाळीतल्या घरीच जगाचा निरोप घेतला. २०१६ साली त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट निघाला. मंगेश देसाई त्यात दादा झाले आणि विद्या बालन गीता बाली.

आज गिरण्या उरल्या नाहीत. गिरणगावातली कितीतरी कुटुंबे संपानंतर भाईंदर-विरारकडे, कल्याण-डोंबिवलीकडे पांगली. खारी गावाच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या आजोबांना विचारा. दादांचे स्टंटपट आता पाहायला मिळणे दुर्मीळ, पण ‘अलबेला’चे नाव काढताच त्यांचे हात आपोआप खांद्यापर्यंत उचलले जातील.