दीनानाथ दलाल : हसू आणि हेवा यांच्यामधला चित्रकार

मराठी घरांत चित्रकाराचे नाव लेखकाच्या नावाइतके सहज घेतले जावे, असे भाग्य फारच थोड्यांना लाभले. दीनानाथ दलाल त्यांत अग्रभागी होते. चित्राच्या कोपऱ्यातली त्यांची सही पाहून अंक विकत घेणारा वाचक होता, आणि ती सही पाहूनच नाक मुरडणारा रसिकही होता. दोघांनाही ती सही दुरून ओळखता येत असे. कीर्तीचा हा प्रकार विलक्षण म्हणावा लागेल, कारण निंदा करणाऱ्यालाही त्यांची चित्रे तोंडपाठ असत.

दलालांचा जन्म ३० मे १९१६ रोजी मडगावला झाला. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यानंतर गोव्यातील हिंदू समाजाला थोडी मोकळी हवा मिळू लागली होती. मराठी शाळा, वाचनालये, उत्सवांतील नाटके यांना बळ येत होते. तरीही चित्रकला शिकू पाहणाऱ्या मुलाला गोव्यात फारसे भवितव्य नव्हते. गाणारा असो, लिहिणारा असो की रंगवणारा, मुंबईची वाट धरण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. दलालांनीही तीच वाट धरली. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी शिक्षण घेतले आणि १९३७ साली पदविका संपादन केली.

ते शिकत होते तो काळ जे. जे.साठी कलाटणीचा होता. ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या संचालकपदाच्या काळात भारतीय शैलीच्या अलंकरणाला आणि भित्तिचित्रांना तेथे प्रतिष्ठा मिळाली होती. अजिंठ्याची वाहती रेषा आणि लघुचित्रांची सपाट, तेजस्वी रंगसंगती यांचा विद्यार्थ्यांवर प्रभाव होता. दुसरीकडे हुबेहूब व्यक्तिचित्रणाची जुनी शिस्त पक्की होती, आणि युरोपातील नव्या चित्रकलेच्या वार्ताही कानी येऊ लागल्या होत्या. दलालांच्या पुढील कामात या तिन्ही प्रवाहांच्या खुणा सापडतात. मात्र त्यांची वाट राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्याकडे किंवा प्रदर्शनाच्या दालनाकडे न जाता छापखान्याकडे गेली.

छापखान्याची ही वाट कशी होती, हे समजून घेतल्याशिवाय दलालांचे मोल कळत नाही. त्या काळी चित्र छापायचे म्हणजे त्याचा धातूचा ठसा, म्हणजेच ब्लॉक, करावा लागे. साध्या रेषाचित्राचा लाइन ब्लॉक जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने कोरला जाई. त्यात काळे आणि पांढरे एवढेच. मधली करडी छटा नाही. छाया हवी तर ती रेषांच्या जाळ्याने किंवा ठिपक्यांनीच सुचवावी लागे. छटा हव्याच असतील तर हाफटोन ब्लॉक करावा लागे. त्यात चित्र बारीक ठिपक्यांत फुटे आणि खरबरीत कागदावर ते ठिपके एकमेकांत मिसळून नायिकेच्या गालावर काजळी धरे. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा. एखादा ठसा केसभर सरकला, तरी ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरे. चित्रकाराने घरी काय काढले यापेक्षा कागदावर काय उमटणार, याचा अंदाज त्याला आधी घ्यावा लागे. दलालांना तो अंदाज अचूक होता. कुठे रेषा जाड ठेवायची, कुठे ती अर्ध्यावर सोडून द्यायची आणि उरलेला आकार कोऱ्या कागदाकडूनच पुरा करून घ्यायचा, हे त्यांच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत पाहण्यासारखे आहे. त्यांच्या रंगीत मुखपृष्ठांचे कौतुक अधिक झाले. खरे सामर्थ्य मात्र या शाईच्या कामात होते.

चाळिशीच्या दशकात मुंबईत केनेडी ब्रिजजवळ त्यांनी स्वतःचा दलाल आर्ट स्टुडिओ उभारला आणि १९४५ साली ‘दीपावली’ हा वार्षिक अंक सुरू केला. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढल्यापासून ही परंपरा मराठीत रुजली होती, परंतु चित्रकारानेच अंकाचा मालक आणि सूत्रधार व्हावे, ही गोष्ट नवी होती. महायुद्ध नुकतेच संपले होते, कागद दुर्मीळ होता. अशा वेळी चित्रांना भरपूर जागा देणारा अंक काढणे हे व्यवहाराच्या दृष्टीने धाडसच होते. ते फळाला आले. कथाचित्रे, रंगीत चित्रे आणि व्यंगचित्रे यांच्यासाठी लोक ‘दीपावली’ची वाट पाहू लागले. संस्कृत काव्यशास्त्रातील नायिकाभेदांवर आधारलेल्या शृंगारनायिकांच्या चित्रमालिकेने तर दलालांचे नाव घरोघरी नेले.

आणि तेथूनच थट्टेला विषय मिळाला. दलालांच्या स्त्रिया हा मराठी वाचकांच्या गप्पांतील एक स्वतंत्र अध्याय होता. टपोरे डोळे, धनुष्याकृती भुवया, निमुळती बोटे, सुडौल बांधा. कथेतील नायिका चाळीत राहणारी कारकुनाची बायको असो वा वाड्यातील सरदारकन्या, चित्रात ती सारख्याच डौलाने उभी राही. वाचक यावर हसत. लेखकाने जिचे दैन्य चार पानांत वर्णिले, ती चित्रात शेजारच्या पानावर अशी टवटवीत कशी, असा प्रश्न पडणे स्वाभाविकच होते. पण हसणाराच ते पान जपून कापून ठेवी, हेही तितकेच खरे.

थट्टेला आणखी एक धार होती, ती चाहत्यांच्या दोन पक्षांची. रघुवीर मुळगावकर हे दलालांचे समकालीन, तेही मूळ गोव्याचेच. त्यांनी ‘रत्नप्रभा’ काढला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठे रंगवली. त्यांची देवदेवतांची चित्रे कॅलेंडरांवरून भिंतीभिंतीवर गेली. मुळगावकरांचा रंग लोण्यासारखा मऊ, रेषा जवळजवळ अदृश्य. दलालांची रेषा मात्र उघडपणे बोलणारी. दलालवाले मुळगावकरांच्या देवांना पावडर लावलेली दिसते म्हणून हसत, तर मुळगावकरवाले दलालांच्या माणसांचे हातपाय नको तितके लांब असल्याचे दाखवून देत. क्रिकेटपटूंवरून किंवा गायकांवरून भांडावे तसे लोक चित्रकारांवरून भांडत होते, आणि हे भांडण कलासमीक्षकांचे नव्हते. ते शाळामास्तर, कारकून, विद्यार्थी आणि गृहिणी यांचे होते. चित्रकलेवर एवढ्या संख्येने मराठी माणसे त्यानंतर कधी हमरीतुमरीवर आली असतील, असे वाटत नाही.

गंभीर आक्षेप वेगळ्या दिशेने आला. त्याच मुंबईत, त्याच जे. जे.च्या परिसरात, साळगावला जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा नव्या चित्रकलेचा झेंडा उभारत होते. १९४५ साली, म्हणजे ‘दीपावली’ निघाली त्याच वर्षी, सूझांना जे. जे.मधून काढून टाकण्यात आले आणि १९४७ साली त्यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. या मंडळींच्या दृष्टीने गोडवा हाच चित्राचा शत्रू होता. मराठी साहित्यातही नवकथा आणि नवकविता यांनी जुन्या सौंदर्यकल्पनांना धक्के दिले होते, आणि नव्या नियतकालिकांना नायिकेच्या डोळ्यांपेक्षा तुटक, तिरकस रेषा जवळची वाटू लागली. पाहता पाहता दलालांचे नाव एका विशेषणासारखे वापरले जाऊ लागले. एखादे चित्र फार सुंदर, फार सुबक, म्हणून संशयास्पद असेल तर ते दलाली. सूझा आणि वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांना आज लिलावात कोट्यवधी रुपये मिळतात. मडगावच्या या चित्रकाराचे नाव त्या यादीत नसते.

आक्षेपात तथ्य होते, हे मान्य केले पाहिजे. मागणी अफाट होती. दिवाळीच्या आधीचे महिने म्हणजे मुदतींचा पाऊस. अशा वेळी हात सरावाचा चेहरा काढून मोकळा होतो. दलालांच्या कामात असे सरावाचे चेहरे पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्यावर एकसुरीपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी बहुधा त्यांची रंगीत पानेच पाहिली असावीत. त्यांची व्यंगचित्रे घ्यावीत. तेथे सौंदर्याचा मागमूस नाही. सुटलेली पोटे, फुगलेले गाल, राजकारण्यांचे नमस्कार, मोजक्या फटकाऱ्यांत पकडलेला मध्यमवर्गीय केविलवाणेपणा आहे. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपती’तील चित्रे घ्यावीत. तेथली रेषा खडकासारखी, झाडाझुडपांतून आणि घोड्यांच्या टापांतून धावणारी. अनेक पिढ्यांच्या डोळ्यांसमोर शिवकाळ म्हणून जे उभे राहते, त्यातले बरेचसे वाचलेले नसून दलालांच्या चित्रांतून पाहिलेले आहे. वि. स. खांडेकरांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे पुन्हा तिसऱ्याच जातीची. मजकुराप्रमाणे हात बदलण्याची ही ताकद फार थोड्या कथाचित्रकारांत असते.

मजकुराचा सेवक म्हणून चित्रकार दुय्यम, हा आक्षेप तर अधिकच तकलादू. कीर्तनात साथ करणारा मृदंगवाला बुवांच्या मागे बसतो म्हणून त्याचा हात हलका ठरत नाही. दलालांनी जे केले ते प्रदर्शनाच्या दालनात कधीच न गेलेल्या लोकांसाठी केले. वाडी, कोकण, विदर्भ, बेळगाव आणि सासष्टी-तिसवाडीतील वाचकाला रचना म्हणजे काय, रिकामी जागा कशी बोलते, हे त्याच्या नकळत कळले, ते अशा अंकांतून.

१५ जानेवारी १९७१ रोजी वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी दलालांचे निधन झाले. गोवा मुक्त होऊन तेव्हा नऊ वर्षे उलटली होती. ‘दीपावली’ त्यांच्यानंतरही निघत राहिली, पण मुद्रणाचे तंत्र बदलले, ऑफसेट आले, छायाचित्रे स्वस्त झाली आणि कथाचित्रकाराची जागा पानागणिक आकसत गेली.

थट्टा करणारे आणि भांडणारे दोन्ही पक्षही हळूहळू काळाआड गेले. उरले ते जुने अंक. त्यांत नायिकेचा लाल रंग थोडा हनुवटीवर उतरलेला आहे, निळा ठसा एका बाजूला सरकला आहे, कागद पिवळा पडला आहे, आणि बांधणी करताना पानांच्या कडा कापल्या गेल्यामुळे काही ठिकाणी सहीही अर्धीच राहिली आहे. अशा पानांवरून एखाद्या चित्रकाराचा निवाडा करणे कठीण. ज्यांना तो करायचाच असेल त्यांनी रंग बाजूला ठेवून आतल्या पानांवरची, कथेच्या मथळ्याशेजारची, दोन इंचांची काळी-पांढरी चित्रे पाहावीत. तेथे ठसा सरकत नाही. असते ती फक्त शाई आणि दलालांचा हात.