मीठ, बर्फ आणि फॅरनहाइट

घरात कोणाला ताप आला, की आपण तापमापक लावतो. पूर्वी तो पाऱ्याचा असे; आता बहुधा आकडे दाखवणारा असतो. ताप 100 आहे की 103, हे कळले म्हणजे डॉक्टरांकडे केव्हा जायचे ते ठरवता येते. पण मुलांनो, ही मोजणी कोठून सुरू होते? तिचा शून्य कोठे आहे? तो शून्य बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात आहे. हे मिश्रण वापरून सगळीकडे सारखेच आकडे दाखवणारे तापमापक तयार करणाऱ्या डॅनियल गॅब्रिएल फॅरनहाइट यांची ही जीवनकथा आहे.

डॅनियलचा जन्म 24 मे 1686 रोजी डान्झिग या बंदराच्या शहरात झाला. हे शहर आज पोलंड देशात असून त्याला ग्दान्स्क म्हणतात. घराणे व्यापाऱ्यांचे होते. पाच भावंडांत डॅनियल थोरला. तो 15 वर्षांचा असताना घरावर मोठे संकट कोसळले. 14 ऑगस्ट 1701 रोजी विषारी अळंबी खाण्यात आल्यामुळे त्याचे आईवडील एकाच दिवशी मरण पावले. मुले पोरकी झाली. पालकत्व घेतलेल्या लोकांनी डॅनियलला व्यापार शिकण्यासाठी हॉलंडमधील ॲमस्टरडॅम शहरी पाठवले.

तेथे त्याने हिशेबाच्या वह्या लिहिल्या, पण त्याचे मन त्यांत रमले नाही. त्या काळी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी तयार झालेले काचेचे तापमापक युरोपात फिरत होते. नळीतील द्रव उष्णतेने वर चढतो व थंडीने खाली उतरतो, हे पाहून तो हरखून गेला. असे उपकरण आपणच तयार करावे, असे त्याला वाटू लागले. त्यासाठी त्याने वारशात मिळणाऱ्या पैशांच्या भरवशावर कर्ज काढले. कर्ज वाढले, तेव्हा पालक संतापले. त्याला अटक करून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, म्हणजे पूर्वेकडच्या दूरदेशी, धाडण्याचा हुकूम त्यांनी मिळवला. तरुण डॅनियलपुढे दोनच वाटा होत्या. एक तर आवडते काम सोडायचे, नाहीतर शहर सोडायचे. त्याने शहर सोडले.

पुढची काही वर्षे तो गावोगाव हिंडला. काच कशी फुंकतात, नळी सरळ व सारख्या जाडीची कशी काढतात, हे तो कारागिरांकडून शिकला. 1708 साली तो डेन्मार्कच्या राजधानीत, कोपनहेगनला, ओले रोमर यांना भेटला. प्रकाशाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यास वेळ लागतो, हे 1676 साली दाखवून देणारे हे थोर शास्त्रज्ञ होते. ठरावीक खुणा धरून तापमापकाची मोजपट्टी कशी आखावी, हे त्याला रोमर यांच्या कामातून समजले.

त्या वेळची अडचण नीट लक्षात घ्या. प्रत्येक कारागीर आपल्या मर्जीने नळीवर रेघा ओढी. एका तापमापकावरचे 20 दुसऱ्यावर 35 ठरत. एका शहरातील वैद्याने लिहून ठेवलेला आकडा दुसऱ्या शहरात निरुपयोगी होई. वजनाचे माप दुकानागणिक वेगळे असले, तर खरेदी कशी करायची? तसाच हा गोंधळ होता. कोठेही आणि केव्हाही सारखीच राहील अशी थंडी सापडली, तरच मोजणीला पक्का आरंभ मिळणार होता. हिवाळ्याची थंडी कामाची नव्हती, कारण एक हिवाळा दुसऱ्यासारखा नसतो.

ही पक्की थंडी मिठाने दिली. फॅरनहाइट यांनी बर्फ, पाणी आणि नवसागर यांचे मिश्रण घेतले. नवसागर म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला नौशादर म्हणता तो क्षार. त्याच्या जागी समुद्राचे मीठही चालते, असे त्यांनी नोंदवले. या मिश्रणाच्या थंडीला त्यांनी शून्य म्हटले. नुसते पाणी व बर्फ एकत्र असताना 32 आणि निरोगी माणसाच्या अंगाच्या उष्णतेला 96, असे आकडे त्यांनी ठरवले.

मीठ टाकल्यावर बर्फ लवकर वितळतो, हे तुम्ही पाहिले असेल. मग मिश्रण कोमट न होता जास्त थंड कसे होते? त्याचे कारण असे आहे. नुसते पाणी व बर्फ एकत्र ठेवले, तर थोडा बर्फ वितळत असतो आणि थोडे पाणी पुन्हा गोठत असते. मीठ टाकले, की ते बर्फावरच्या पाण्यात विरघळते. मिठाचे कण मध्ये आल्यामुळे पाण्याला पुन्हा गोठणे अवघड होते. गोठणे मंदावते, पण वितळणे चालूच राहते. बर्फाला वितळण्यासाठी उष्णता लागते. ती तो त्या मिश्रणातून आणि भांड्यातूनच खेचून घेतो. म्हणून थंडी वाढत जाते. योग्य प्रमाणात साधे मीठ घातले, तर हे मिश्रण सेल्सियसच्या मापाने उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकते.

आपला कुल्फीवाला हेच करतो. साखर घातलेले दूध शून्य अंश सेल्सियसला गोठत नाही, कारण साखरही मिठाप्रमाणे गोठणबिंदू खाली नेते. म्हणून तो साच्यांभोवती बर्फाचा चुरा भरतो आणि त्यावर खडे मीठ पसरतो. समुद्राचे पाणीही याच कारणाने सुमारे उणे 2 अंशांपर्यंत द्रव राहते.

तापवताना मात्र उलट घडते. मीठ पाण्याचा उकळणबिंदू वर नेते. एक लिटर पाण्यात सुमारे 58 ग्रॅम मीठ विरघळवले, तर ते 100 ऐवजी सुमारे 101 अंशांना उकळते. भाताच्या आधणात टाकलेल्या चिमूटभर मिठाने जाणवण्याजोगा फरक पडत नाही. साखरेचे प्रमाण फार वाढले, तर मात्र फरक मोठा होतो. बारामती तालुक्यातील कोऱ्हाळे बुद्रुकच्या परिसरात नीरेच्या कालव्यावर ऊस पिकतो. उसाच्या रसाचा गूळ करताना काहिलीतील रस दाट होत जातो, तसा तो अधिकाधिक तापतो आणि शेवटी सुमारे 118 अंशांपर्यंत पोहोचतो. म्हणूनच उकळत्या काकवीचा चटका पाण्याच्या चटक्याहून भयंकर असतो.

फॅरनहाइट यांनी 1714 च्या सुमारास नळीत पारा वापरण्यास सुरुवात केली. पारा काचेला चिकटू नये, म्हणून तो स्वच्छ करण्याची रीतही त्यांनी शोधली. 1717 साली ते हॉलंडमधील हेग शहरी स्थायिक झाले आणि उपकरणे तयार करून विकू लागले. 1718 पासून ते ॲमस्टरडॅममध्ये रसायनशास्त्रावर व्याख्याने देत. ज्या शहरातून पळून जावे लागले होते, तेथेच आता लोक त्यांचे ऐकण्यासाठी जमत. हवेचा दाब बदलला, की पाण्याचा उकळणबिंदू बदलतो, हे त्यांनी मोजून दाखवले. आपल्या महाबळेश्वरला पाणी 100 अंशांच्या आधीच उकळते, ते यामुळेच. 1724 साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले.

एवढा मान मिळाला, तरी त्यांच्या हाती पैसा टिकला नाही. 16 सप्टेंबर 1736 रोजी हेग येथे वयाच्या 50 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. निर्धन माणसाला शोभेल अशा साध्या रीतीने त्यांचा दफनविधी झाला.

त्यांच्यानंतर पाण्याचा उकळणबिंदू 212 धरून ही मोजपट्टी अधिक नेमकी करण्यात आली. 19 व्या शतकात जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांनी हजारो रुग्णांचे तापमान मोजून 37 अंश सेल्सियस ही सरासरी सांगितली. फॅरनहाइटच्या मापाने तीच 98.6 होते. विरघळलेल्या पदार्थामुळे गोठणबिंदू किती उतरतो, याचा नियम फ्रान्सचे शास्त्रज्ञ राउल यांनी 1882 च्या सुमारास मांडला.

आज आपण हवेचे तापमान सेल्सियसमध्ये सांगतो, पण ताप मात्र बहुतेक घरांत फॅरनहाइटमध्येच मोजतो. पोरक्या झालेल्या त्या मुलाने वारशाचे पैसे खर्चून जगाला एक भरवशाचे माप दिले. कोणत्याही गावातील डॉक्टरांनी लिहिलेला तापाचा आकडा दुसऱ्या गावातील डॉक्टरांना आज बिनचूक समजतो. एखाद्या आजारी माणसाचा जीवही त्यामुळे वाचू शकतो. फॅरनहाइट यांची खरी कमाई हीच आहे.